तांबड्या कड्याखालची चतुर्थी

१

लॅपटॉपची बॅग गाडीत नाही हे कुशलला सकाळी सहाला कळलं, आणि सव्वासहापर्यंत त्याने चोरही ठरवून टाकला होता.

चोर ठरवणं तसं अवघड नव्हतं. चौदा माणसांत तेरा जण दोह्याच्या मराठी मंडळाचे सभासद, म्हणजे इंजिनियर, मॅनेजर आणि त्यांच्या बायका. चौदावा बालाजी. तो कुशलच्या कंपनीतला ड्रायव्हर. तंबू, पाण्याचे कॅन आणि शेगड्या पिकअपमध्ये घालून त्यानेच सगळं इथवर आणलं होतं. दोह्याहून दुखानच्या रस्त्याने तास-सव्वा तास, मग डांबर सोडून टायरची हवा कमी करून वाळूतून आत, तेव्हा कुठे हा कडा दिसतो. सगळा तांबडा, उत्तर-दक्षिण पसरलेला, सहा-सात मजली इमारतीएवढा. मंडळाच्या वसंतरावांनी त्याचं नाव तांबडा कडा ठेवलं होतं आणि दर हिवाळ्यात ते इथे पदभ्रमण काढायचे.

कड्याच्या पश्चिम पायथ्याशी, जराशा अंतरावर, तंबूंची रांग होती. रांगेच्या दक्षिण टोकाला घट्ट जमीन बघून गाड्या उभ्या केल्या होत्या. वाळवंटात गाडीला कुलूप कोण लावतो? कुशलनेही लावलं नव्हतं. बॅग मागच्या सीटवर होती.

"काल रात्री गाड्यांकडे एकच माणूस गेला," कुशल सगळ्यांसमोर म्हणाला. "पाण्याचे कॅन आणायला."

बालाजी शेगडीजवळ चहाचं पातेलं धरून उभा होता. त्याने ते खाली ठेवलं. सहा वर्षं दोह्यात काढलेला, उदगीरकडचा उंच, हडकुळा माणूस. त्याच्या तंबूची झडती झाली, पिकअपची झाली, मग इतरांच्याही तंबूंची आणि गाड्यांची उगाच नावाला झाली. बॅग कुठेच नव्हती. कुशल मात्र तोवर फोन लावून मोकळा झाला होता. कंपनीचा माणूस नऊ वाजता येणार होता. बालाजीला इथूनच उचलायचं, त्याच्या कामगार कॅम्पातून सामान घ्यायचं आणि रात्रीच्या विमानात बसवायचं. खलास.

"साहेब, मी कॅन आणलो, बॅगंला हात लावलो नाही," बालाजी म्हणाला. त्याने हे एकदाच सांगितलं आणि कोणी ऐकलं नाही म्हटल्यावर पुन्हा सांगितलं नाही.

ऐकलं फक्त वसंतरावांच्या बायकोने.

२

शैलजाकाकूंनी बावीस वर्षं दोह्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळली होती. ब्युरेट कोणी फोडली हे त्या पोरांना न दरडावता शोधून काढत. पोरं खोटं बोलतात त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच की खोटं बोलणारा पोरगा गरजेपेक्षा जास्त सांगतो. आता निवृत्त होऊन त्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये वसंतरावांवर नजर ठेवून होत्या, आणि त्यांना हे काम फारच सोपं वाटायला लागलं होतं.

वसंतरावांनी हळूच सुचवलं, की कंपनीचा मामला आहे, आपण मध्ये पडू नये. काकूंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि त्या कुशलच्या गाडीकडे चालायला लागल्या.

मागच्या सीटवर कॅमेरा पडला होता. चांगला जाडजूड, पाहताच महाग वाटावा असा. काकूंनी कुशलला विचारलं, हा काल रात्रीही इथेच होता का? होता, बॅगेला चिकटून होता.

"म्हणजे चोर लॅपटॉप नेतो आणि त्याच्याहून महाग कॅमेरा ठेवून जातो. बॅगेत आणखी काय होतं रे?"

कुशल जरा घुटमळला. होतं म्हणजे एक पाकीट होतं. वर्ल्ड कपला तीन वर्षं उरली होती, एका स्टेडियमच्या छपराचं काम त्याच्या कंपनीकडे होतं, आणि त्या छपराच्या बोल्टांचा तपासणीचा अहवाल लॅबने सीलबंद करून गुरुवारी संध्याकाळी त्याच्या हातात दिला होता. रविवारी सकाळी सातला तो साइटवर उघडायचा, वाचून सही करायची, आणि मग क्रेनने छपराचा तुकडा वर चढवायचा. अहवालात काय आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. लॅब शुक्रवार-शनिवार बंद. दुसरी प्रत मागितली तर आठवडा जाणार.

"आणि अहवाल हातात नसला तर क्रेन थांबेल?"

कुशलने नकारार्थी मान हलवली. वरून इतकी घाई होती की पुरवठादाराच्या जुन्या सर्टिफिकेटवरच काम उरकलं असतं.

"पुरवठादाराचा क्वालिटी मॅनेजर कोण?"

कुशलने तंबूंकडे पाहिलं. तिथे शौनक मोबाइलवर बोट फिरवत बसला होता.

३

पण एवढ्यावर माणूस धरता येत नाही. शिवाय शौनक एकटाच नव्हता. गार्गी होती. कुशलच्याच ऑफिसातली प्लॅनिंग इंजिनियर. गेल्या महिन्यात तिची बढती हुकली आणि ती कुशलला मिळाली, हे सगळ्या मंडळाला पाठ होतं. काल संध्याकाळी सातलाच ती डोकं दुखतंय म्हणून शेवटच्या तंबूत जाऊन पडली होती. शेवटचा तंबू म्हणजे गाड्यांच्या सगळ्यात जवळचा.

काकू तिच्यापाशी जाऊन बसल्या. अजून थंडी होती. सूर्य कड्यामागे होता, तळ सगळा गार सावलीत होता, आणि गार्गी शाल गुंडाळून गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. काकूंनी बढतीचा विषय काढला नाही. डोक्याचं विचारलं. मग गार्गीनेच आपणहून सांगितलं, की तिला झोप लागली नव्हती.

तिने गाडीचं दार लागल्याचा आवाज दोनदा ऐकला होता. पहिल्यांदा बालाजी कॅन न्यायला आला तेव्हा. तो गुणगुणत होता, कॅन आपटत होता, लपवण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्यांदा बऱ्याच वेळाने, हळू, कोणीतरी दार दाबून लावावं तसं.

"दुसऱ्यांदा कधी? घड्याळ बघितलंस?"

"घड्याळ नाही बघितलं. पण तुमची आरती चालू होती. टाळ ऐकू येत होते."

काल संकष्टी होती, आणि आरतीला टाळ एकाच माणसाच्या हातात होते. बालाजीच्या. पावणेनऊला आरती सुरू झाली ती नऊपर्यंत चालली, आणि तो सबंध वेळ काकूंच्या डाव्या हाताला उभा होता.

त्यांनी हे कुशलला जाऊन सांगितलं. कुशल हसला, पण ते बरं हसणं नव्हतं. गार्गी तर असं सांगणारच, तो म्हणाला. दुसऱ्यांदा दाराचा आवाज तिनेच केला नसेल कशावरून? आणि तिचं सोडा, झोपेत कोणी काय ऐकलं यावर मी कंपनीला पुन्हा फोन करू?

सात वाजायला आले होते. दोह्यातून कंपनीची गाडी आता निघतच असणार.

४

राहिला शौनक. त्याच्याशी बोलायला निमित्त शोधावं लागलं नाही. उपास दोघांनीही केला होता.

शौनक मूळचा पुण्याचा, गोड बोलणारा, कोणालाही काकू-मावशी करणारा. आई गेल्यापासून तिची संकष्टी आपण चालवतो, असं तो कालच सगळ्यांना सांगत होता. रात्री आठ-वीसला, उपास नसलेल्यांची जेवणं आटोपताच, तो माथ्यावरून चंद्र बघतो म्हणत टॉर्च घेऊन कड्याच्या उत्तर टोकाशी असलेल्या बोळात शिरला होता. हे सगळ्यांनी पाहिलं होतं. बोळ म्हणजे कडा आणि त्याच्यापासून सुटलेली एक प्रचंड शिळा यांच्यातली अरुंद वाट. दुपारच्या पदभ्रमणात सगळे त्यातून गेले होते. मध्यावरून एक चढ वर कड्याच्या माथ्यावर जातो, आणि सरळ गेलं तर माणूस दक्षिणेला, गाड्यांच्या मागे बाहेर पडतो. सव्वानऊनंतर शौनक त्याच उत्तर टोकाने परत आला होता.

"एकटाच वर गेलास, भीती नाही वाटली?" काकूंनी विचारलं.

"भीती कसली, काकू. आईच्या नावाने गेलो. वर काय दिसतं म्हणून सांगू. सगळीकडे काळोख, आणि मोबाइलवरच्या दिनदर्शिकेत दिलंय तशी बरोबर नऊ-सहाला, अगदी जमिनीतून, तांबडी लालभडक चकती वर आली. या दगडाच्याच रंगाची. हात जोडले, दोन मिनिटं डोळे मिटून बसलो आणि उतरलो."

काकू म्हणाल्या, छान. मग उठल्या आणि तंबूंच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

नऊ-सहा. तसं खोटं काय होतं त्यात? खाली तळावर त्यांनीही चंद्र नऊ-सहाला पाहिला होता. आरती संपली, सगळे कड्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि वसंतराव घड्याळ बघत होते तेवढ्यात कडेवर उजेड झाला. दिनदर्शिकेप्रमाणे, मिनिटाला मिनिट. काकूंना इतकी भूक लागली होती की त्यांनी अर्घ्य देऊन सरळ ताटाकडे मोर्चा वळवला होता.

आता भरल्या पोटी त्यांना काहीतरी टोचत होतं. बावीस वर्षं त्या दोह्यात संकष्टी करत होत्या. दिनदर्शिका गावाहून यायची, भिंतीवर लागायची, आणि चंद्रोदयाच्या वेळेसाठी तिच्याकडे कोणी ढुंकून पाहायचं नाही. कारण ओल्ड एअरपोर्टच्या गच्चीवर गेलं की चंद्र नेहमीच आधीच येऊन बसलेला असायचा. तास-तासभर आधी. नवीन आलेल्या बायका पहिल्या वर्षी दिनदर्शिकेच्या भरवशावर उगाच तासभर उपाशी राहायच्या आणि मग शहाण्या व्हायच्या. ती वेळ पुण्या-मुंबईची, इथली नव्हे.

मग काल रात्री, बावीस वर्षांत पहिल्यांदाच, तो वेळेवर कसा आला?

५

काकूंनी मोबाइल काढला आणि दोह्यातल्या शेजारच्या फ्लॅटमधल्या राजश्रीला उठवलं. शनिवारी सकाळी सातला उठवल्याबद्दल राजश्रीने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. शेवटी तिने उत्तर दिलं. गच्चीवर त्या पाच-सहा जणी होत्या. चंद्र आठ-पाचला दिसला, समोरच्या इमारतीशेजारी, मोकळ्या जागेतून. साडेआठला सगळ्यांची जेवणं झाली होती.

फोन ठेवून त्यांनी वर पाहिलं. कड्याची वरची कड उन्हाने पेटली होती, सगळा माथा तांबड्याचा केशरी झाला होता, आणि खाली त्या स्वतः थंडीत कुडकुडत उभ्या होत्या. त्यांनी वसंतरावांना हाक मारून विचारलं, अहो, आज सूर्योदय किती वाजताचा? वसंतरावांनी मोबाइलवर बघून सांगितलं, सहा वाजून पाच मिनिटांचा. आत्ता सात-दहा झाले होते. ऊन अजून तळावर पोचायचं होतं.

काकू जागच्या जागी हसल्या. मोठ्याने, एकट्याच. वसंतरावांना वाटलं बायकोला उपास बाधला.

"सगळ्यांना बोलवा," त्या म्हणाल्या. "शौनकलाही. आणि यल्ला, लवकर. ऊन यायच्या आत."

सगळे जमले. बालाजी मागे उभा राहिला. काकूंनी त्याला पुढे बोलावून स्वतःशेजारी उभं केलं. मग त्या कड्याकडे तोंड करून थांबल्या. कोणी काही बोलायचा प्रयत्न केला तर त्यांनी हात वर करून गप्प केलं. एक मिनिट, दोन मिनिटं. मग कड्याच्या कडेवर सूर्याचा पहिला ठिपका आला आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर ऊन पडलं.

"किती वाजले, कुशल?"

"सात-तेरा."

"आणि सूर्य उगवला सहा-पाचला. म्हणजे हा कडा उगवलेल्या सूर्याला तासाहून जास्त वेळ आपल्यापासून लपवून ठेवतो. सूर्याला ठेवतो तसा चंद्रालाही ठेवतो. कालचा चंद्र आठच्या सुमाराला उगवला. राजश्रीने दोह्यात आठ-पाचला तो गच्चीवरून बघितला. आपण खाली होतो म्हणून आपल्याला नऊ-सहाला दिसला. पुण्याची वेळ आणि ही वेळ जुळली हा निव्वळ योगायोग. त्या योगायोगानेच आपण सगळे फसलो."

त्या शौनककडे वळल्या.

"पण वर, माथ्यावर, लपवायला कडा नव्हता. तिथे नऊ-सहाला चंद्र चांगला वर आलेला असणार, पांढरा स्वच्छ. तू जमिनीतून येणारी लाल चकती कुठून बघितलीस?"

६

शौनकने पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. वेळ चुकली असेल, काकू. घड्याळ कोण बघत होतं? आठलाच उगवला असेल, मी तेव्हाच बघितला असेल.

"आठला तू आमच्याबरोबर शेंगदाणे खात होतास. बोळात शिरलास आठ-वीसला, बारा माणसांच्या देखत. चंद्र उगवताना बघायला तू पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोचलास, आणि उगवलेला तर तू बघितलाच नाहीस, नाहीतर ही चूक केली नसतीस. तू माथ्यावर गेलाच नाहीस. बोळातून डोक्यावरच्या आभाळाची नुसती फीत दिसते. तुला बाहेर येईपर्यंत चंद्र कुठे आहे हे ठाऊकच नव्हतं. आलास तेव्हा आम्ही अर्घ्य देऊन बसलो होतो, म्हणून दिनदर्शिकेवर भरवसा ठेवलास."

कुशलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"बोळाचं दुसरं टोक गाड्यांच्या मागे निघतं, तिथूनही कड्याआडचा चंद्र दिसत नाही," काकू पुढे म्हणाल्या. "आरती चालू असताना गार्गीने दार ऐकलं. बॅग घेऊन तू तंबूकडे येऊ शकत नव्हतास, आणि परत आलास तेव्हा हातात फक्त टॉर्च होता. तंबू आणि गाड्या सगळ्यांनी शोधल्या. बोळ कोणी शोधला?"

बालाजी उत्तराची वाट न बघता निघाला. त्याच्यामागे गार्गी, तिच्यामागे आणखी दोघं. शौनक वाळूत खाली बसला. काकूंना त्या क्षणी त्याची दया आली, हे त्यांनी पुढे वसंतरावांनाही सांगितलं नाही.

दहा मिनिटांनी बोळातून बालाजीचा आवाज आला. पुरुषभर उंचीवरच्या एका कपारीत, वरून दगड लावून, बॅग ठेवली होती. लॅपटॉप होता. पाकीट होतं आणि त्याचं सील शाबूत होतं.

"फाडून का नाही टाकलंस?" कुशलने विचारलं.

शौनकने कबूल केलं. बोल्टांची ती खेप त्याने न तपासता पास केली होती, तारखा गाठायच्या होत्या म्हणून. कदाचित चांगले निघाले असतील, असं त्याला रात्रभर वाटत होतं. उघडून बघायची हिंमत झाली नाही आणि फाडायचीही झाली नाही.

कुशलने तिथेच, उन्हात उभं राहून, पाकीट फोडलं. बारापैकी सात नमुने नापास होते. त्याने पान दोनदा वाचलं. मग साइटवर फोन लावला आणि जन्मात कधी बोलला नसेल इतक्या मोठ्याने सांगितलं, की रविवारची क्रेन थांबवा, माझ्या सहीशिवाय एक बोल्ट वर जाणार नाही. त्या छपराखाली रविवारी सकाळी साठ माणसं काम करणार होती. ती आता करणार नव्हती.

७

कंपनीची गाडी नऊला पाच कमी असताना आली. उतरलेल्या माणसाने हिंदीत विचारलं, चोर कोणता? कुशल पुढे झाला आणि म्हणाला, चोर मीच ठरवला होता, चुकीचा ठरवला. खऱ्या चोराचं काय करायचं ते कंपन्या बघतील, पण बालाजी कुठेही जाणार नाही. मग तो बालाजीकडे वळला आणि मराठीत माफी मागायला लागला. चांगली मागत होता, मनापासून. डोळ्यांत पाणी होतं.

बालाजीने ती पुरी होऊ दिली नाही.

"माफी हितं नको, साहेब. सकाळी तुम्ही फोन केलात, अन् तासाभरात माझं सामान बांधायचा निरोप कॅम्पात गेलाय. माझ्या खोलीत आठ जण हाईत. समदे उदगीर-अहमदपूरचे. आजच्या आज गावाकडं फोन गेले असतील की बालाजी चोर निघाला. माझ्या आईच्या कानावर गेलं असंल. तुम्ही हितं कड्याम्होरं बोलून मला काय फायदा?"

कुशलने विचारलं, मग काय करू?

"तिथं चला."

दुपारी एकला कॅम्पाच्या भोजनगृहात तीनशे माणसं जेवत होती. बिहारची, नेपाळची, केरळची, आणि कोपऱ्यातल्या दोन टेबलांवर मराठवाड्याची. कुशल वाळूने माखलेल्या बुटांसकट मध्ये जाऊन उभा राहिला. शैलजाकाकू दारात होत्या, वसंतरावांचा हात धरून, आणि त्यांना वाटत होतं की हा पोरगा आता कच खाईल. त्याने खाल्ली नाही. तो बाकावर चढला. हिंदीत त्याने सांगितलं, की आज सकाळी मी बालाजीला चोर म्हणालो. त्याने चोरी केली नाही. एक बॅग हरवली आणि मी सर्वांत गरीब माणूस बघितला आणि त्याच्याकडे बोट दाखवलं. चूक माझी आहे. ती बॅग बालाजीने शोधून दिली, आणि तिच्यातल्या कागदामुळे तुमच्यातले साठ जण उद्याच्या एका धोक्यातून वाचलेत.

मग कोपऱ्यातल्या टेबलावरून कोणीतरी स्टीलच्या ताटावर चमचा आपटला. दुसऱ्याने आपटला. नेपाळच्या टेबलाने आपटला, केरळच्या टेबलाने आपटला, आणि बघता बघता तीनशे ताटांचा असा गजर उठला की स्वयंपाकी पळत बाहेर आले.

बालाजीने खिशातून फोन काढला, गावचा नंबर लावला आणि फोन डोक्याच्या वर, त्या आवाजात उंच धरला.

"आई," तो ओरडला, "ऐकू येतंय का गं?"